उमेदवाराचे दुःख म्हणजे शेरा नव्हे

नोकरीसाठी समोर बसलेला माणूस कधी कधी विचारल्यापेक्षा बरेच जास्त बोलून जातो. ‘तुमच्याविषयी थोडे सांगा’ एवढेच विचारलेले असते; आणि वडिलांचे व्यसन, नवऱ्याने टाकल्याचे दुःख, सावकाराचे कर्ज, स्वतःचे आजारपण, सारे बाहेर पडते. टेबलापलीकडचे गडबडतात. कोणी घड्याळ पाहतो, कोणी खोदून विचारू लागतो, कोणी गुपचूप कागदावर दोन शब्द लिहितो. त्या दोन शब्दांबद्दल आम्हाला बोलायचे आहे.

केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट ‘क’च्या भरतीतील मुलाखती बंद केल्या. मग हा प्रश्न आपला कसा? कारण आपल्या घरची अनेक मुले बंगळुरात खासगी कंपन्यांच्या आणि ठेकेदारांच्या दारात उभी आहेत. बेळगाव-खानापूरकडची मुलगी रात्रीच्या गाडीने निघते, बंगळूर स्टेशनवर तोंड धुते आणि दहा वाजता मुलाखतीला बसते. प्रश्न इंग्रजीत, शेजारची कुजबुज कन्नडमध्ये, मनातले उत्तर मराठीत. पाठ केलेली वाक्ये संपली की माणूस मनात साचलेले बोलू लागतो. याला भोळेपणा म्हणा, पण ही अपात्रता नव्हे.

दुसरे ठिकाण आपल्याच खात्यातले, अनुकंपा नियुक्तीचे. टपाल खात्यात कुटुंबाचे उत्पन्न, अवलंबून असलेली माणसे, अविवाहित मुली, लहान मुले यांवर गुण दिले जातात. रेल्वेत कल्याण निरीक्षक घरी येऊन चौकशी करतो. एवढी माहिती लागते, ती कागदोपत्री द्यावीच. परंतु कुंकू पुसलेली बाई चौकशीला सामोरी जाते तेव्हा ती रकान्यांच्या हिशेबाने बोलत नाही. सासरचे भांडण, मयताची दारू, सगळे सांगते. यातले रकान्यात बसते तेवढेच कागदावर जावे, असे आमचे ठाम मत आहे.

कायदा आपल्या बाजूने आहे. आयुर्विमा महामंडळाच्या नोकरीच्या अर्जात स्त्रियांना मासिक पाळी आणि गर्भारपण यांविषयी प्रश्न असत. ते रकाने काढून टाकण्यास सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितले आणि कामावरून काढलेल्या महिलेला परत घ्यायला लावले. दुसऱ्या पत्नीच्या मुलांना अनुकंपा नोकरी नाकारणारे रेल्वे बोर्डाचे १९९२ चे परिपत्रक होते; ‘मी दुसरीचा’ एवढे तोंडून निघाले की दार बंद. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा भेद अमान्य केला. त्याआधी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो दावा लढवणारे के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती होते, बंगळुरातच राहत असत.

यावर साहेब लोक म्हणतात, ‘आम्ही कुठे विचारले? त्यानेच सांगितले.’ सांगितले हे खरे, पण ते विश्वासाने सांगितले, नोंद करायला दिले नाही. आणखी एक बाजू आहे. कोणी रडला म्हणून दयेने नोकरी देणे हाही अन्यायच. तेवढेच दुःख पोटात ठेवून गप्प बसलेल्या पुढच्या उमेदवाराने काय करायचे?

तेव्हा करायचे ते सरळ आहे. बोलणाऱ्याला मध्येच झिडकारू नये. पाण्याचा पेला पुढे करावा, दोन मिनिटे थांबावे. ‘तुम्ही सांगितलेत, ते इथेच राहील. आता कामाबद्दल बोलू,’ असे म्हणून पुढचा प्रश्न विचारावा, तोही सोपा. खोदून एक शब्दही विचारू नये. गुण द्यायचे ते सर्वांना विचारलेल्या प्रश्नांचेच द्यावेत.

आणि एक गोष्ट आपल्याच लोकांना सांगायची आहे. कल्याण निरीक्षक, कार्मिक शाखेचा कारकून, चहा आणणारा शिपाई, हे बहुधा आपलेच सभासद असतात. सकाळी टेबलावर निघालेली गोष्ट दुपारी कँटीनमध्ये आणि संध्याकाळी रेल्वे कॉलनीच्या नळावर पोहोचते, ती साहेबाच्या तोंडून नव्हे. तीच बाई पुढे वीस-पंचवीस वर्षे आपल्या शेजारी काम करणार असते. पहिल्याच दिवशी तिची अब्रू चव्हाट्यावर आणून आपण कोणत्या तोंडाने तिला भगिनी म्हणणार?

उमेदवारांनाही चार शब्द सांगतो. नोकरीची गरज सांगण्यात लाज नाही, पण घरची कहाणी एका वाक्यात संपवा: ‘वडील वारले, घर मी चालवतो.’ पुढचे वाक्य आपल्या कामाचे असू द्या. चुकून जास्त बोलून गेलात तर माफी मागत बसू नका; पाणी प्या, पुढचा प्रश्न मागा.

प्रत्येक शाखेने आपल्या प्रशासनाकडे लेखी मागणी करावी: चौकशीच्या अहवालात रकान्याबाहेरचा एकही खासगी शेरा नको आणि अहवाल संबंधितास वाचून दाखवावा. यासाठी सरकारी तिजोरीतून एक पैसाही जात नाही.