जालना–जळगांव लोहमार्ग आणि रोजचा उतारू

जालना–जळगांव या 174 किलोमीटरच्या नव्या लोहमार्गास केंद्रीय मंत्रिमंडळानें 2024 च्या ऑगस्टांत मंजुरी दिली, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. अजिंठ्याचीं लेणीं प्रवाशांस जवळ होतील, माल स्वस्तांत जाईल, असें सांगण्यांत येतें व तें खोटें नव्हे. परंतु केदारखेड्यासारख्या गांवाहून सकाळीं जालन्यास निघणारा विद्यार्थी, दवाखान्यास जाणारी बाई, मोंढ्यांत हिशेब चुकता करूं पाहणारा दुकानदार यांची गाडी कोणती? हा प्रश्न आजच विचारला पाहिजे. कारण रूळ पडल्यावर स्टेशन हलत नाहीं.

या कामीं मुंबईचा दाखला घेण्यासारखा आहे. नाना शंकरशेट, जमशेटजी जिजीभाई प्रभृतींनीं 1845 त रेल्वेसाठीं मंडळी स्थापन केली आणि 16 एप्रिल 1853 रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास 14 डब्यांची गाडी थाटानें गेली. तींत बसले होते ते निमंत्रित पाहुणे. शहराचा कायापालट त्या समारंभानें झाला नाहीं. तो झाला रोज ठरल्या वेळीं येणाऱ्या साध्या गाडीनें. 12 एप्रिल 1867 रोजीं विरारहून मुंबईस अशी एक गाडी सुरू झाली. पुढें 3 फेब्रुवारी 1925 रोजीं व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत विजेची गाडी धांवली, आणि खरी सोय तेथून वाढली. हिची मोटार डब्यांतच असते व चालकाची खोली दोन्ही टोकांस. त्यामुळें शेवटच्या स्टेशनावर इंजिन सोडून पलीकडे जोडण्याची यातायात उरली नाहीं. थांबून लगेच वेग घेतां येत असल्यानें जवळजवळ स्टेशनें ठेवणें परवडूं लागलें. जोडीस मासिक पास आणि स्त्रियांचे निराळे डबे. नोकरी शहरांत व घर दूर, असा संसार सामान्य माणसास याच व्यवस्थेनें शक्य केला.

दुसराही एक लाभ झाला, त्याची जमाखर्चांत कोणी नोंद करीत नाहीं. जातिभेदाविरुद्ध शेंकडों व्याख्यानांनीं जें साधलें नाहीं, तें त्या लांकडी बांकांनीं थोडेंबहुत साधलें. आठ पंचविसाच्या गाडींत शेजाऱ्याची जात विचारण्यास सवड कोणास आहे? स्त्रियांचेंही तसेंच. 5 मे 1992 रोजीं चर्चगेट–बोरिवली मार्गावर केवळ स्त्रियांसाठीं स्वतंत्र गाडी सुरू झाली. मुलीस शिकवावें कीं नाहीं, याचा वाद खेड्यांतल्या अनेक घरीं अखेर येऊन थांबतो तो ती सुखरूप परत कशी येईल या प्रश्नाशीं.

मुंबईचें सर्वच अनुकरणीय आहे, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. तेथें गर्दी वाढली, रूळ त्या मानानें वाढले नाहींत. 9 जून 2025 रोजीं मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्या एकमेकींजवळून जातांना दारांत लोंबकळणारे उतारू खालीं पडले व त्यांतले कांहीं प्राणांस मुकले. ही तजवीज गर्दी होण्यापूर्वींच करावयाची असते.

आमच्या भागाचा अनुभव तर उशिराचाच आहे. निजामी राज्यांतील गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग 1900 च्या सुमारास झाला, पण मीटर गेजचा. मनमाडास माल उतरवून पुन्हा चढवावा लागे, आणि रुंद रूळ येण्यास 1990 चें दशक उजाडलें. संभाजीनगर–परभणी या 177 किलोमीटरच्या दुपदरीकरणास 2025 च्या जुलैंत मंजुरी मिळाली. एकेरी मार्गावर समोरची गाडी येईपर्यंत दुसरीस थांबावें लागतें, आणि थांबविली जाते ती बहुधा गरिबांचीच. 30 डिसेंबर 2023 रोजीं जालन्याहून मुंबईस वंदे भारत सुरू झाली, चांगलें झालें. तथापि जो महिन्यांतून एकदां मुंबईस जातो त्याच्याइतकीच काळजी रोज तालुक्यास जाणाऱ्याचीही वाहिली गेली पाहिजे.

म्हणून नव्या मार्गावर सकाळ-संध्याकाळ मेमू गाडी, लहान गांवांसाठीं थांबे, स्वस्त पास व गाड्यांस एकमेकींस ओलांडतां येईल अशीं जादा रुळांचीं स्टेशनें आराखड्यांतच धरावीं. केदारखेडें व शेजारच्या गांवांनीं केवळ निवेदनें देऊन थांबूं नये. किती मुलें, किती कामकरी, किती दूध, किती कापूस, कोणत्या वेळीं कोठें जातो, याची मोजदाद ग्रामपंचायतींनीं व व्यापाऱ्यांनीं स्वतः करावी आणि तो कागद रेल्वेच्या अधिकाऱ्यांपुढें ठेवावा. मग येथें रहदारीच नाहीं, असें म्हणणें त्यांस जड जाईल.