बार मोजूनच भरायचा असतो

अमेरिकन शिकाऱ्यांची रील्स बघणाऱ्यांना हे दृश्य नवीन नसेल. गॅरेजमधलं टेबल, त्यावर हाताने दाबायचं एक प्रेस, शेजारी सोनाराच्या दुकानात शोभेल असा नाजूक काटा आणि रांगेत उभी केलेली रिकामी पितळी काडतुसं. उडालेल्या काडतुसाची नळी फेकायची नाही, ती पुन्हा भरायची. आधी प्रेसमध्ये दाबून मूळ मापावर आणायची, जळालेली केप काढून नवीन बसवायची, दारू वजन करून ओतायची आणि वर गोळी बसवायची. याला तिकडे ‘हँडलोडिंग’ म्हणतात. खास बनवून घेतलेल्या बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलला किती दारू आणि किती वजनाची गोळी मानवते, हे शोधण्यात ही मंडळी महिनेच्या महिने घालवतात.

हे बघून आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया येतात. एक, ‘काय भारी आहे राव!’ आणि दुसरी, ‘बंदुकीचं खूळ, दुसरं काय!’ पण जयगडसारख्या गावात राहणाऱ्याला यात तिसरंही काहीतरी दिसायला हवं. कारण कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर जी ठासणीची बंदूक मिळते, तिचा प्रत्येक बार हातानेच भरलेला असतो. नळीत दारू ओता, वर बोळा कोंबा, छर्रे सोडा, गजाने ठासा, केप लावा. म्हणजे हँडलोडिंग आपल्याकडेही आहेच. फक्त टेबलावरचा तो काटा नाही.

तिकडे सध्या सरळ नळीच्या काडतुसांची चलती आहे, आणि त्यामागचं कारण आपल्या कामाचं आहे. नेहमीच्या रायफलचं काडतूस बाटलीसारखं असतं. खाली जाड, वर मान बारीक. दारू भरपूर, गोळी बारीक, वेग प्रचंड. सरळ नळीचं काडतूस वरपासून खालपर्यंत जवळपास एकाच जाडीचं. त्याची गोळी जाड, वेग कमी, त्यामुळे ती लवकर खाली येते. ओहायो, मिशिगनचा दक्षिण भाग, आयोवा हा सगळा सपाट शेतीचा आणि मध्येमध्ये वस्तीचा मुलूख. तिथे हरणाच्या शिकारीला वर्षानुवर्षं प्रामुख्याने शॉटगन किंवा ठासणीची बंदूकच चालायची, कारण चुकलेली गोळी कुणाच्या तरी घरापर्यंत जाईल ही भीती. ओहायो आणि मिशिगनने २०१४ मध्ये आणि आयोवाने २०१७ मध्ये सरळ नळीच्या काडतुसांना मुभा दिली. २०१९ मध्ये विंचेस्टर कंपनीने ‘.३५० लेजेंड’ हे नवं काडतूस आणलं, ते याच गिऱ्हाइकासाठी.

आता आपला कायदा बघा. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा चक्क नावानिशी उल्लेख आहे. ती पुरेशी नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. यातूनही गोळी फार लांब न जाण्याची सोय आपोआप होते. कोकणाला हे पटावं. आपल्याकडे शेत, वाडी आणि शाळेची पायवाट एकमेकांना चिकटून असतात. गडग्यापलीकडे सड्यावर कोण गुरं शोधत फिरत असेल, सांगता येत नाही.

पण साम्य इथे संपतं. तिकडे बंदूक ठरवली, तशी शिकार कधी करायची, किती करायची आणि नव्या शिकाऱ्याने आधी कोणता कोर्स करायचा, हेही ठरवलं. आपण बंदूक दिली आणि तिचं काय करायचं हा प्रश्न मात्र शेतकऱ्यावर सोडला. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे शिकारीला बंदी आहे. ती हवीच. त्याच कायद्याच्या कलम ११ मध्ये पिकाची नासधूस करणाऱ्या रानडुकरासारख्या प्राण्याला मारायची परवानगी देता येते, पण ती लेखी लागते. डुक्कर रात्री येतं आणि सकाळपर्यंत नाचणी झोपवून जातं. अर्ज, पंचनामा, शिक्का हे सगळं त्यानंतर. त्यात निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या. २०२४ च्या विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली. ऑक्टोबरमध्ये कोकणातलं भात कुठल्या अवस्थेत असतं, हे इथल्या पोराला वेगळं सांगायला नको.

मग कायदेशीर वाट अशी अडली की शेजारून दुसरी वाट पडते. गावठी बंदूक, अंदाजपंचे भरलेला बार, डोक्याला बॅटरी आणि चार-पाच जण रात्री रानात. निघताना नाव डुकराचं, पण टॉर्चमध्ये डोळे चमकले की भेकरही चालतं. शिकारीला गेलेल्यांपैकीच एकाला गोळी लागल्याच्या बातम्या रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या पानांवर अधूनमधून येतातच. दोन कॉलमच्या बातमीत एक घर संपतं आणि बाकीचे तिघे-चौघे कोर्टात उभे राहतात. याला राखण म्हणू नये. राखण करणारा शेतात बसतो, रान पालथं घालत नाही.

बार चुकीचा भरला तर काय होतं, तेही समजून घ्या. ‘.४५-७०’ हे १८७३ चं सरळ नळीचं काडतूस. त्यातला ७० हा आकडा काळ्या दारूच्या वजनाचा, ७० ग्रेन. म्हणजे साडेचार ग्रॅम. आजची धूरविरहित दारू त्याहून कितीतरी जोरकस, म्हणून ती खूप कमी लागते आणि नळी अर्धीअधिक रिकामी दिसते. चुकून दोनदा ओतली तरी वरून पटकन कळत नाही. म्हणून तिकडचा जाणकार प्रत्येक नळीत उजेड टाकून बघतो, कंपनीने छापलेल्या तक्त्याबाहेर जात नाही आणि डब्यावर तारीख, दारूचा प्रकार, वजन लिहून ठेवतो. ठासणीच्या बंदुकीत काळ्या दारूच्या जागी तेवढीच दुसरी दारू ओतली, किंवा आधीचा बार आत आहे हे विसरून दुसरा ठासला, तर नळी फुटते. ती धरणाऱ्याच्या गालाजवळ असते.

म्हणून रील बघून ‘आपणही करून बघू’ असं कुणाच्या मनात आलंच, तर आधी हे वाचा. परवान्याशिवाय दारूगोळा तयार करण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे. कॉलेज, नोकरी, पासपोर्ट सगळं एका प्रयोगात जाईल.

पण पोरांना दम देऊन सरकारची सुटका होत नाही. बंदुकीने डुकरं संपणार नाहीत आणि संपूही नयेत. जंगलात त्यांचंही काम आहे. सौरकुंपण आणि वेळेवर मिळणारी नुकसानभरपाई हे पहिले उपाय. तरीही शेतीसंरक्षणाची बंदूक ठेवायची असेल, तर ती नीट ठेवा. २०१६ च्या शस्त्र नियमांतलं सुरक्षा प्रशिक्षण गावात येऊन द्या आणि त्यात बार मोजून भरायला शिकवा. परवानगीचा निर्णय जवळच्या वनाधिकाऱ्याकडून एका दिवसात मिळू द्या. उडालेल्या प्रत्येक बाराची नोंद मागा. आणि कापणीच्या हंगामात निवडणूक आली, तर ज्याच्यावर एकही गुन्हा नाही अशा शेतकऱ्याची बंदूक त्याच्याकडेच राहू द्या.

यातलं काहीही झालं नाही, तर काय होईल ते दिसतंच आहे. म्हातारी माणसं रात्रभर डबे बडवून थकतात, मुलगा मुंबईला जातो आणि पुढच्या वर्षी वरकस पडीक राहते. तिथे मग राखायला काही उरतच नाही.