टेनिस शिकायचंय? मग आधी बॉलचा रंग विचारा

सध्या हवा आहे ती पिकलबॉलची. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय क्रीडा मंत्रालयानं इंडियन पिकलबॉल असोसिएशनला राष्ट्रीय महासंघ म्हणून मान्यता दिली. दुसरीकडे, २०१८ ते २०२३ दरम्यान बालेवाडीत होणारी एटीपी टेनिस स्पर्धा पुण्यातून गेली. पिकलबॉल पहिल्याच दिवशी खेळता येतं, टेनिस शिकायला वर्ष जातं, असं सर्रास ऐकू येतं.

पण टेनिस खरंच एवढं अवघड आहे का?

अडचण बॉलपासून सुरू होते. टीव्हीवर दिसतो तो पिवळा बॉल वेगात येतो आणि टप्पा पडल्यावर उंच उसळतो. शिकाऊ माणूस जागेवर पोहोचेपर्यंत तो खांद्यापर्यंत आलेला असतो. मग कशीबशी रॅकेट फिरवायची आणि बॉल जाळीत किंवा थेट कुंपणावर. त्यात कोर्ट २३.७७ मीटर लांब. सलग चार शॉट जमत नाहीत, तिथं गुण मोजायची वेळच येत नाही.

यावरचा उपाय टेनिसनंच शोधलाय. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघानं २००७ मध्ये 'प्ले अँड स्टे' ही मोहीम सुरू केली. सूत्र सोपं होतं : पहिल्याच तासात सर्व्हिस करा, रॅली खेळा, गुण मोजा. त्यासाठी मंद बॉल आले. पिवळ्याच्या तुलनेत लाल सुमारे ७५ टक्के मंद, नारिंगी ५० आणि हिरव्या ठिपक्याचा २५ टक्के. लाल बॉलसाठी कोर्टही जेमतेम ११-१२ मीटरचं, म्हणजे जवळपास पिकलबॉलएवढंच! २०१२ पासून तर दहा वर्षांखालच्या स्पर्धांमध्ये नेहमीचा पिवळा बॉल चालतच नाही.

गंमत म्हणजे ही मोहीम मोठ्यांसाठीही होती. पण चाळिशीतल्या माणसाच्या हातात लाल बॉल दिला की त्याला वाटतं, आपल्याला पोरासोरांत बसवलं. प्रशिक्षकही मग पिवळाच काढतात.

क्लबचं गणितही यात आहेच. एका टेनिस कोर्टाच्या जागेत, भोवतीच्या मोकळ्या पट्ट्यासकट, चार पिकलबॉल कोर्ट बसतात. चार जणांऐवजी सोळा जण खेळणार असतील, तर जागा कुणाला द्यायची हे सांगायला हिशेबनीस लागत नाही. शिकाऊ लोक महिन्याभरात टेनिस सोडत असतील तर हे गणित आणखी पक्कं होतं.

म्हणून शिकवणी लावण्याआधी दोन गोष्टी विचारा. मोठ्यांना मंद बॉलवर शिकवता का? आणि पहिल्या आठवड्यात समोरासमोर खेळवता, की नुसतं रांगेत उभं करून फोरहँड मारायला लावता? मंद बॉल नसेल, तर हिरव्या ठिपक्याचे दोन-तीन स्वतःच घेऊन जा. दोघांनी जाळीपासून ६.४० मीटरवरच्या सर्व्हिस लाइनशी उभं राहायचं आणि हळू मारायचं. सलग दहा शॉट जमले की दोन पावलं मागे.