दुपारचं काय करायचं?

मंडळी, सुट्टी लागली की चौथ्या-पाचव्या दिवशी घराघरांतून एकच वाक्य ऐकू येतं. "आई, आता काय करू?" आई ऑफिसात गेलेली असेल तर, "आजी, आता काय करू?" हा प्रश्न सकाळी येत नाही. उठणं, दूध, आंघोळ, खाली सायकलच्या चार फेऱ्या यात अकरा वाजतात. संध्याकाळीही येत नाही, तेव्हा मुलं घरात नसतातच. तो येतो दुपारी, जेवणं झाली की. बाहेर ऊन रणरणतंय, पडदे ओढलेत, पंखा गरम वारा फेकतोय आणि पाच वाजायला अजून चार तास आहेत. घरात लहान मुलं असली की उन्हाळ्याची खरी परीक्षा ही दुपारची असते.

या दुपारीवर सध्या दोन उतारे चालतात. एक मोबाईल आणि दुसरं शिबिर. चित्रकला, अबॅकस, पोहणं, रोबो बनवणं, 'व्यक्तिमत्त्व विकास' (पाच वर्षांच्या व्यक्तीचा!), काय हवं ते मिळतं. माझ्या वयाच्या लोकांनी यावर नाकं मुरडायची रीत आहे. पण जरा हिशोब करून बघा. आपल्याकडे १ मेच्या सुमाराला निकाल लागतो आणि शाळा उघडते जूनच्या मध्यावर, विदर्भात तर त्याहून उशिरा. म्हणजे सुट्टी झाली दीड महिन्याची. आईबाप दोघं नोकरी करतात, दोघांची मिळून रजा निघते जेमतेम पंधरा दिवस. उरलेला महिना मुलांना कोण बघणार? शिबिराची फी ही बऱ्याच घरांत मुलं सांभाळायची फी असते. ज्यांच्या घरात आजीआजोबा नाहीत त्यांनी दुसरं करायचं तरी काय? तेव्हा त्यांना बोल लावणं मला पटत नाही.

आणि हो, "आमच्या वेळी मामाच्या गावाला कशी मजा यायची" हे पालुपदही जरा बेतानं घ्यावं. मजा यायची, खरं आहे. चौदा-पंधरा पोरं एका ओळीत अंथरुणावर, आंब्यांच्या आढीतला पेंढ्याचा वास, विहिरीवरच्या आंघोळी. पण त्या मजेच्या पाठीमागे कोण होतं? मामी पहाटे पाचला उठून चूल पेटवायची. सकाळी पन्नास भाकऱ्या, संध्याकाळी तेवढ्याच. मामाला पोरांचं कौतुक होतं, पण पोरांचं आवरणं मामीकडे असायचं. तिची सुट्टी कधी लागायची हे आम्ही कुणी विचारलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही. त्या सुट्टीचे गोडवे आज तिच्यासारख्या बायकांना विचारून गावेत.

मग त्या घरांत चांगलं असं काय होतं, जे आजच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्येही आणता येईल? माझ्या मते एकच गोष्ट. तिथं मुलं पाहुणी नव्हती. कैऱ्या फोडायच्या असोत की पापडाच्या लाट्या करायच्या असोत, पोरांच्या वाटणीला काहीतरी असायचंच. (लाट्या करताना निम्म्या तेलात बुडवून तोंडात जायच्या, ती मजुरी.) वाळवणाजवळ काठी घेऊन बसायचं, कावळे हाकायचे, हे तर सहा वर्षांच्या पोराचंही काम. आता आपण मुलांना सुट्टीत घरातच पाहुणं करून टाकलंय. त्यांचं मन रमवायचं, त्यांना आवडेल ते खाऊ घालायचं, त्यांना कंटाळा येऊ द्यायचा नाही. पाहुण्याला दोन दिवसांनी कंटाळा येतोच. तो घरातल्या माणसाला तेवढा येत नाही, कारण त्याच्यावाचून कुठंतरी काहीतरी अडलेलं असतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. सुट्टीत प्रत्येक मुलाला घरातलं एक खरं काम द्यावं, आणि उरलेली दुपार त्याची त्याला मोकळी सोडावी.

'खरं काम' म्हणजे काय ते सांगते, कारण गाडं इथंच अडतं. मुलाला हौस म्हणून चार पोळ्या लाटू देणं आणि मग त्या हळूच बाजूला ठेवणं हे खरं काम नव्हे. आपल्याला खेळवलं जातंय हे मुलांना बरोबर कळतं. जे केलं नाही तर घराचं अडेल, ते खरं काम. मी आयुष्यभर पाचवी ते सातवीच्या वर्गांवर शिकवलं. वर्गातल्या सगळ्यात व्रात्य मुलाकडे पुस्तकांच्या कपाटाची किल्ली सोपवली की काय होतं हे बऱ्याच शिक्षकांनी पाहिलं असेल. उपदेशाच्या दहा तासिकांनी जे होत नाही ते ती किल्ली करते. त्याला माहीत असतं, आज मी आलो नाही तर कपाट उघडणार नाही.

आमच्याकडे सुट्टीत नातू आणि नात असतात, तो आठ वर्षांचा आणि ती पाच. नातवाकडे गेल्या दोन वर्षांपासून माठ आहे. रोज सकाळी उरलेलं पाणी कुंड्यांना घालायचं, माठ आतून स्वच्छ पाण्यानं आणि हातानं घासायचा, तांब्यातांब्यानं भरायचा, वर झाकण, भोवती ओलं फडकं. साबण लावायचा नाही. "का नाही?" हा प्रश्न पहिल्याच दिवशी आला. मातीला बारीक छिद्रं असतात, त्यातून पाणी झिरपून बाहेर येतं, त्याची वाफ होते आणि वाफ होताना ती आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. साबणानं छिद्रं बुजली तर माठ नुसता रांजणासारखा बसून राहील, शिवाय पाण्याला वास येईल तो वेगळाच. मग पुढचा प्रश्न, "डोंबिवलीच्या आत्याकडे माठातलं पाणी एवढं गार का नसतं?" तिथली हवा आधीच दमट, त्यामुळे वाफ कमी होते. पुण्या-सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ जसा काम करतो तसा समुद्राच्या बाजूला करत नाही. हे सगळं विज्ञानाच्या पुस्तकात बाष्पीभवन या धड्यात आहेच. पण पुस्तकातल्या बाष्पीभवनामुळे आजोबांना दुपारी गार पाणी मिळत नाही!

एकदा खेळाच्या नादात माठ भरायचा राहिला. दुपारी आजोबांनी माठाला तांब्या लावला तर तळाशी खडखडाट. कुणी काही बोललं नाही. सगळ्यांनी नळाचं कोमट पाणी प्यायलं, त्यानंही प्यायलं. त्यानंतर आजपर्यंत आठवण करावी लागलेली नाही.

धाकटीकडे काम आहे पाखरांच्या पाण्याचं. खिडकीत मातीचं पसरट भांडं आहे, ते सकाळ-दुपार भरायचं. बुलबुल येतात, चिमण्या येतात, एक साळुंकी तर आंघोळच करते. पाणी आटलेलं असलं की साळुंकी कठड्यावर बसून कलकलाट करते आणि धाकटी म्हणते, "आले गं बाई, थांब जरा!" (हे वाक्य कुणाचं ते सांगायला नको.)

वाळवणांचं म्हणाल, तर कुरडया आता माझ्याच्यानं होत नाहीत. तीन दिवस गहू भिजवा, रोज पाणी बदला, वाटा, गाळा, चीक शिजवा, सोऱ्या दाबा. खांदे नाही म्हणतात. पण साबुदाण्याच्या पापड्या लहान मुलांना घेऊन सहज होतात. रात्री साबुदाणा भिजवायचा, सकाळी उकळत्या पाण्यात मीठ-जिरं घालून काचेसारखा पारदर्शक होईपर्यंत मोठ्या माणसानं शिजवायचा, कोमट झाला की मुलांच्या हातात पळी द्यायची. सकाळी आठच्या आत गच्चीवर प्लास्टिकचा कागद पसरून घालायच्या म्हणजे ऊन लागत नाही. नातवानं बारा ओळी घातल्या, एका ओळीत नऊ. "आजी, एकशे आठ!" म्हणून तो स्वतःच ओरडला. मी जन्मभर पाढे म्हणून घेतले, पण तिथं तोंड मिटून बसले. पापड्या घालताना पापड्याच घालाव्यात. प्रत्येक कामाच्या शेपटाला धडा बांधला की मुलं कामाला यायची बंद होतात.

२०२५ चा मे महिना आठवतोय ना? ऐन उन्हाळ्यात पावसानं गाठलं. २६ मेला तर मोसमी पाऊस मुंबईत पोचल्याचं हवामान खात्यानं जाहीर केलं, इतक्या लवकर तो पूर्वी कधी आल्याची नोंद नव्हती. त्याच्या आधीच्या वळवाच्या सरींत आमच्या पापड्या गच्चीवर होत्या. दुपारी अंधारून आलं. गच्चीला कुलूप, किल्ली वॉचमनकडे. नातू अनवाणी तीन जिने उतरला, किल्ली घेऊन पाच जिने चढला आणि धाकटीनं नि त्यानं मिळून तो अख्खा कागद चार कोपरे धरून आत ओढला. निम्म्या पापड्या एकमेकींना चिकटल्या, थोड्या भिजल्या. त्या आम्ही तशाच पंख्याखाली वाळवल्या आणि वेड्यावाकड्या तळून खाल्ल्या. चवीत काही फरक नाही. नातू मात्र तेव्हापासून संध्याकाळी ढग बघतो. मोबाईलवर ढगांचे कितीही व्हिडिओ दाखवले असते तरी त्यानं वर मान केली नसती.

आता उरलेल्या दुपारीबद्दल. काम अर्ध्या-पाऊण तासाचं. त्यापुढे चार तास उरतातच. ते उरू द्यावेत असं मला वाटतं. "काय करू?" असं मुलानं विचारलं की आपल्याला तो आपल्यावरचा ठपका वाटतो आणि आपण लगेच काहीतरी काढून देतो. दहा मिनिटं कळ काढा. पहिली पाच मिनिटं मूल लोळतं, भिंतीला पाय लावतं, दोनदा फ्रीज उघडतं. मग आपोआप काहीतरी सुरू होतं. आमच्याकडे जुन्या लग्नपत्रिकांचं एक गाव वसलंय. त्यात गणपती छापलेल्या पत्रिकांची देवळं झाली आहेत. हे कुठल्या शिबिरात शिकवत नाहीत. हाताशी मात्र काही सामान असावं. पत्त्यांचा जोड (भिकार-सावकार दोघांतही खेळता येतो), सागरगोटे, कात्री, खळ, आणि पुस्तकं. बालभारतीचा 'किशोर' १९७१ पासून निघतोय, त्याचे जुने अंक वाचायला बसलं की आमचा दुपारचा एक तास कुठं जातो कळत नाही. वाचून दाखवायचं काम आजोबांकडे. हे मी मुद्दाम लिहिते आहे. दुपारी आजीनं आडवं व्हायचं असतं.

कारण हा मुद्दा राहून चालणार नाही. सत्तरी ओलांडलेल्या बाईकडे दोन मुलं महिनाभर सोपवणं सोपं नाही. माया असते, पण गुडघेही असतात. मुलांना काम द्यायचं तर नातवालाही द्यायचं, नातीलाच नव्हे. जावयानं सुट्टीत आल्यावर आपलं ताट उचलायचं, आणि मुलानं शनिवार-रविवारची दुपार आपल्या अंगावर घ्यायची. नाहीतर पन्नास वर्षांनी ही मुलंही "आमच्या आजीकडे कशी मजा यायची" असं म्हणतील, आणि आजीची सुट्टी पुन्हा कुणाच्या लक्षात येणार नाही. डोंबिवली आणि सोलापूरच्या आमच्या मंडळींनी हा परिच्छेद दोनदा वाचायला हरकत नाही :)

सोसायट्यांनाही एक विनंती. गच्चीला दिवसभर कुलूप, पार्किंगमध्ये गाड्या, खाली 'येथे खेळू नये' अशी पाटी. मुलांनी जायचं कुठं? निदान उन्हाळ्यात सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते सात, कुणी मोठं माणूस सोबत असेल तर गच्ची उघडी ठेवायला काय हरकत आहे? वाळवणंही होतील, मुलंही दिसतील. आणि मुलांच्या गडबडीची तक्रार करणाऱ्यांनी संध्याकाळी तिथं येऊन एक खुर्ची टाकावी. सोबतीला मोठं माणूस हवंच आहे.

असो. यंदा निकाल लागला की पहिल्या दोन दिवसांतच प्रत्येक मुलाचं काम ठरवून टाका. माठ, पाखरांचं पाणी, कुंड्या, शेंगा सोलणं, आंब्याच्या पेटीतले पिकलेले आंबे रोज निवडून काढणं, काहीही चालेल. फक्त ते खरं असू द्या, आणि मुलानं केल्यावर मागून जाऊन नीट करू नका. माठ थोडा कमी भरेल, आंबे एखाद्-दोन कच्चे निघतील. एवढं चालतं. कच्च्या आंब्याची डाळ घालून चटणी होते.