ऑइलची लाल लाइट लागली? 'पुढच्या पंपावर बघू' म्हणाल तर इंजिन गेलं समजा

11 डिसेंबर 2022 ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि जालना थेट एक्स्प्रेसवेवर आलं. 5 जून 2025 ला इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पाही खुला झाला आणि 701 किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. सपाट भागात कारला ताशी 120 किमीची मर्यादा आहे. असा रस्ता दारात आल्यावर सेकंड हँड टर्बो किंवा स्पोर्ट्स कार घ्यावीशी वाटणारच. पण पिकअप बघण्याआधी ऑइल प्रेशर म्हणजे काय, ते समजून घ्या.

लाल लाइटचा खरा अर्थ

डॅशबोर्डवर तेलाच्या कॅनसारखं लाल चिन्ह लागलं की बऱ्याच जणांना वाटतं, ऑइल थोडं कमी झालंय. तसं नाही. ही लाइट ऑइल किती आहे ते दाखवत नाही, प्रेशर पडल्याचं सांगते.

इंजिनच्या खालच्या चेंबरमधून पंप ऑइल ओढतो आणि फिल्टरमधून क्रँकच्या बेअरिंगपर्यंत दाबाने पोचवतो. क्रँक आणि बेअरिंगमध्ये ऑइलचा अगदी पातळ थर असतो, त्यामुळे धातू धातूला घासत नाही. दाब गेला की थर तुटतो, बेअरिंग घासतं आणि इंजिन सीझ होतं. वेगात असाल तर याला फार वेळ लागत नाही.

स्पोर्ट्स कारला धोका जास्त का?

आरपीएम जास्त, उष्णता जास्त. ऑइल तापलं की पातळ होतं आणि दाब उतरतो. टर्बोचं बेअरिंगही बहुतेक गाड्यांत याच ऑइलवर चालतं. वेगात वळण घेतलं की चेंबरमधलं ऑइल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढू शकतो. म्हणूनच पोर्शे 911 जीटी3 सारख्या गाड्यांत ऑइलची वेगळी टाकी असते, त्याला ड्राय सम्प म्हणतात.

समृद्धीवर तशी वळणं नाहीत, पण तासन्‌तास एकाच वेगात पळणं आहे आणि वर मराठवाड्याचा उन्हाळा. शहरात कमी ऑइलवर निभावून नेणारी गाडी इथे उघडी पडते.

कंपन्याही अख्खं इंजिन बदलतात

2014 मध्ये पोर्शेने नव्या 911 जीटी3 च्या 785 गाड्यांची इंजिनं बदलून दिली. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट सैल होत होते आणि दोन गाड्यांना आग लागली होती. एप्रिल 2025 मध्ये जनरल मोटर्सने अमेरिकेत 6.2 लिटर व्ही8 इंजिनाच्या सुमारे 6 लाख गाड्या परत बोलावल्या. कारण, क्रँक आणि कनेक्टिंग रॉडमधले दोष. तपासणीत नापास झालेल्या गाडीला इंजिनची दुरुस्ती किंवा नवं इंजिन, पास झालेलीला जास्त जाड ऑइल.

तिथे दोष कंपनीचा होता म्हणून खर्चही कंपनीचा. तुम्ही लाल लाइट लागूनही गाडी चालवली किंवा सर्व्हिसची बिलं जपली नाहीत, तर वॉरंटीचा दावा टिकणं अवघड. आणि सेकंड हँड गाडीची वॉरंटी बहुधा संपलेलीच असते.

इंजिन बदललं तर कागदही बदला

इंजिन गेलं की स्वस्तात 'जुनं पण चालू' इंजिन बसवून देणारे भेटतात. पण आरसीवर इंजिन नंबर असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार असा बदल आरटीओकडे नोंदवावा लागतो. एमएच-21 ची गाडी असेल तर जालना आरटीओत. नोंद नसेल तर गाडी विकताना किंवा इन्शुरन्स क्लेमच्या वेळी अडचण येऊ शकते. त्या इंजिनाचं बिल नसेल तर ते चोरीच्या गाडीचं निघण्याचीही भीती.

आता काय करायचं?

- लांब जाण्याआधी, इंजिन थंड असताना डिपस्टिक बघा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं.
- ऑइलचा ग्रेड मॅन्युअलमधलाच वापरा.
- लाल लाइट लागली की हळूहळू कडेला घ्या, इंजिन बंद करा, हॅझर्ड लावा आणि सगळे रेलिंगच्या पलीकडे उभे राहा.
- ऑइल बरोबर असूनही लाइट जात नसेल तर परत स्टार्ट मारू नका, टो करा.
- जुनी गाडी घेताना इंजिनवरचा नंबर मूळ आरसीशी जुळवा. एम-परिवहन ॲपवर बाकीची माहितीही तपासा.

टोइंगचा खर्च खटकेल, पण नव्या इंजिनापुढे तो काहीच नाही.