गाडी नंतर, आधी तळ

राज्याने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. पण चाकांवरचे हे घर रात्री उभे कुठे करायचे? ऑस्ट्रेलियात अनेक लहान गावांतही पाणी भरायला नळ आणि मैल्याची टाकी रिकामी करायला ठरलेली जागा असते. म्हणूनच प्रवासी तिथे मुक्काम करतात, किराणा-डिझेल तिथेच घेतात. असा तळ आपल्या शेवगाव तालुक्यातही होऊ शकतो; त्याला तर नाथसागर जलाशयाचे पाणी लागून आहे, पलीकडे पैठण. ‘गावकऱ्यांच्याच सोयी अपुऱ्या, त्यात हे चोचले कशाला?’ हा आक्षेप रास्तच. पण असा तळ हौशी पर्यटकांपुरता कशाला ठेवायचा? आषाढीला निघालेल्या दिंड्यांना, हंगामात बिऱ्हाड घेऊन फिरणाऱ्या ऊसतोड मजुरांनाही (त्यांची घरेही चाकांवरच!) तेच पाणी आणि सोबत शौचालय हवे. शेवगाव नगरपरिषदेने एका तळापासून सुरुवात करावी. कॅराव्हॅन घेणाऱ्यांना सवलती द्यायच्या का, ते नंतर पाहू.