माग, कांडी, धोटा

मालेगावात मूल मोठे होते ते यंत्रमागांचा खडखडाट ऐकत. पहिलीच्या वर्गात मी मात्र त्याच्यापुढे 'कमळ' मांडत असे. मुले सुरात म्हणत. फळ्यावरच्या शब्दांची जागा बदलली, की सारी गप्प! ते वाचन नव्हते, पाठांतर होते.

एके दिवशी विचारले, "घरी-दारी काय काय दिसते रे?" उत्तरे आली, "माग, कांडी, धोटा!" तेच शब्द खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर लिहिले. एकाने पट्टी उचलून मनात वाचायची, हातवारे करून दाखवायची. बाकीच्यांनी शब्द ओळखून तशीच पट्टी शोधायची. वर्ग खिदळू लागला. 'माग'मधला 'ग' 'गवत'मध्ये सापडला, तेव्हा तर टाळ्याच पडल्या.

यात माझे नवे काही नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला शंख-शिंपले, पाने, खडे यांतूनच बालशिक्षण उभे केले.

पालकहो, याला पोरखेळ म्हणून नाक मुरडू नका. ज्याच्या घरी अभ्यास घेणारे कोणी नाही, त्याला वाचनाची गोडी लागायची ती वर्गातच. तिथेही लागली नाही, तर चौथीत त्याला 'ढ' म्हणून आपण मोकळे होतो!